यंत्राचा सूर आणि मुलांचा कंठ

मनुष्यास लाभलेल्या सर्व वाद्यांत कंठ हें वाद्य सर्वांत जुनें व सर्वांत स्वस्त आहे. तें विकत आणावें लागत नाहीं, त्यास वीज लागत नाहीं, आणि तें घरीं विसरून कोणी शाळेंत आला असें कधीं घडत नाहीं. असें असतां आमच्या मुलांस या वाद्याची लाज वाटूं लागली आहे कीं काय, असा संशय यावा अशी सध्यांची स्थिति आहे. स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे गाणाऱ्या मुलांचा पहिला प्रश्न 'कोणतें गाणें म्हणावें?' असा नसतो. 'माईक कीबोर्डाला जोडून मिळेल काय, आणि आवाजावर इफेक्ट लावतां येईल काय?' असा तो असतो. प्रश्न विचारण्यांत गैर कांहींच नाहीं. मात्र त्याचें उत्तर देण्यास जो विचार लागतो, तो सहसा कोणी करीत नाहीं. म्हणून विद्यार्थी व पालक या उभयतांपुढें तो मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तळोद्यासारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या गांवास कीबोर्ड आतां नवा नाहीं. कंपनी कोणतीही असो, लोक त्यास सरसकट 'कॅसिओ' म्हणतात. लग्नसराईंत गाडीवर चढविलेल्या ब्यांडांत तो असतो, भजनांत पेटीशेजारीं असतो, उपासनेच्या वेळीं गायकवृंदापाशीं असतो. यांपैकीं कांहीं वाद्यांत आतां माईक लावण्याचीच सोय केलेली असते. उदाहरणार्थ, रोलंड या जपानी कंपनीच्या एक्सपीएस-३० या वाद्यास माईक जोडला म्हणजे गाणाराच्या आवाजावर प्रतिध्वनि, व्होकोडर व सूर आपोआप जुळविणारी योजना, असे निरनिराळे संस्कार करतां येतात. मुलानें तोंड उघडावें आणि ध्वनिवर्धकांतून यंत्रमानवानें गावें, ही चमत्कृति पाहून बालमन हरखून जातें यांत नवल नाहीं. आम्हांलाही ती पाहून मौज वाटते.

प्रथम जोडणीचा प्रकार पाहूं. स्टेजवर वापरतात त्या साध्या डायनॅमिक माईकमध्यें एक पातळ पडदा, त्यास चिकटविलेलें तारेचें वेटोळें व एक लोहचुंबक एवढेंच असतें. आवाजानें पडदा हलला कीं वेटोळें हलतें, आणि तारेंत वीज उत्पन्न होते. ही वीज फारच अल्प, म्हणजे व्होल्टाचे कांहीं सहस्रांश इतकीच असते. उलट, कीबोर्डाच्या ज्या सॉकेटांत आपण मोबाईलवरील गाणें सोडतों, त्यास व्होल्टाच्या तिसऱ्या हिश्शापासून एक-सव्वा व्होल्टापर्यंतची वीज अपेक्षित असते. म्हणून त्यांत माईक खुपसला तर नुसती कुजबुज ऐकूं येते, आणि ती मोठी करूं गेलें तर खरखर मोठी होते. मुलें म्हणतात, 'माईक बिघडला.' माईक बिघडलेला नसतो. नाचतां येईना अंगण वांकडें, त्यांतलाच हा प्रकार. शिवाय त्या सॉकेटांतून शिरलेला आवाज बहुतेक वाद्यांत इफेक्टाच्या वाटेला जातच नाहीं. आला तसा बाहेर पडतो. माईकसाठीं राखलेल्या निराळ्या सॉकेटामागें तो अल्प आवाज शेंकडों पटींनीं वाढविणारी योजना असते. ती ज्या कीबोर्डांत नाहीं, त्यापुढें हट्ट करूं नये. माईक मिक्सरला लावावा व इफेक्ट मिक्सरवरचाच घ्यावा.

आणखी दोनचार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. हेडफोन, पायाचें पेडल व माईक यांचीं सॉकेटें पुष्कळदां एकाच मापाचीं, ६.३५ मिलिमीटरचीं, असतात. म्हणून आधीं त्यांवरील अक्षरें वाचावीं, मग पिन घालावी. कंडेन्सर जातीच्या माईकास बाहेरून वीज पुरवावी लागते. मिक्सरवर ती ४८ व्होल्टांची असते. पुष्कळ कीबोर्डांत ती सोय नसते, म्हणून तेथें डायनॅमिक माईकच बरा. तीन टोंकांच्या पिनेच्या तारेंत एकच आवाज दोन तारांतून परस्परविरुद्ध रूपानें जातो व वाटेंत मिसळलेली गुणगुण शेवटीं आपोआप वजा होते. म्हणून लांबच्या अंतरास ती तार चांगली. ध्वनिवर्धकाच्या तोंडासमोर माईक धरला तर ध्वनिवर्धकाचा आवाज पुनः माईकांत शिरून शिट्टी वाजते. म्हणून गाणारानें ध्वनिवर्धकाच्या मागें उभें राहावें. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, गुणगुण थांबावी म्हणून प्लगची अर्थिंगची तार कोणीं काढूं नये. माईक ओठांपाशीं असतो. तेथें विजेचा धक्का बसणें ही थट्टेची गोष्ट नव्हे.

आतां इफेक्टाचें मर्म पाहूं. आपल्या वर्णमालेचा क्रम ज्यांनीं लाविला, त्यांनीं मुखाचा केवढा अभ्यास केला होता! क कंठ्य, च तालव्य, ट मूर्धन्य, त दंत्य, प ओष्ठ्य. गळ्यांत नाद उत्पन्न होतो, आणि जीभ, टाळू, दांत व ओठ त्यास आकार देतात. व्होकोडर नांवाचें यंत्र हीच दोन कामें एकमेकांपासून वेगळीं करतें. तें माईकांतून आलेल्या आवाजाचे खर्जापासून तारापर्यंत अनेक पट्टे पाडतें, प्रत्येक पट्ट्यांत क्षणोक्षणीं किती जोर आहे तें मोजतें, आणि तोच जोर कीबोर्डाच्या नादावर चढवितें. म्हणजे गळा वाद्याचा आणि तोंड मुलाचें! यावरून दोन गोष्टी निघतात. कीबोर्डावर पट्टी दाबलेली नसेल तर मूल कितीही ओरडलें तरी गाणें ऐकूं येणार नाहीं. आणि मुलाचे उच्चार अस्पष्ट असतील तर यंत्र ते स्पष्ट करणार नाहीं, उलट अधिकच गुळमुळीत करील. विशेषतः 'स', 'श' यांसारख्या अघोष वर्णांत गळ्याचा नाद नसतो. ते त्या यंत्रांत सहज हरवतात. ज्यास व्होकोडरमधून गावयाचें आहे, त्यानें आधीं शुद्ध उच्चार शिकले पाहिजेत. यंत्रानेंच गुरुजींची बाजू घेतली म्हणावयाची!

हें यंत्र गाण्यासाठीं जन्मलें नव्हतें, हेंही मुलांनीं जाणावें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंतले होमर डडली यांनीं तें टेलिफोनसाठीं शोधिलें. मनुष्याचें बोलणें थोडक्या तारेंतून पाठवितां यावें हा त्यांचा हेतु होता. १९३९ सालीं न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनांत त्याच विचारांतून निघालेलें 'व्होडर' हें यंत्र लोकांनीं पाहिलें. एक तरुणी हातानें कळा व पायानें पेडल दाबी, आणि यंत्र माणसासारखें बोले. तिला त्यासाठीं कित्येक महिने शिकावें लागलें होतें. पुढें दुसऱ्या महायुद्धांत, १९४३ पासून, लंडन व वॉशिंग्टन यांमधील गुप्त संभाषणें शत्रूस कळूं नयेत म्हणून याच तत्त्वाचा उपयोग करण्यांत आला. संगीतकारांच्या हातीं तें यंत्र फार उशिरा पडलें. १९७८-७९ च्या सुमारास कोर्ग व रोलंड या कंपन्यांचीं व्होकोडर असलेलीं कीबोर्डें बाजारांत आलीं. एका गरजेसाठीं केलेला शोध दुसऱ्या कोणाच्या आनंदाचें साधन व्हावा, ही मानवी बुद्धीची थोरवी आहे. ती आमच्या मुलांनीं अवश्य पाहावी.

येथवर यंत्राविषयीं आमची कांहींच तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्याच्या धाकट्या भावंडाविषयीं, म्हणजे बेसूर आवाज आपोआप सुरांत आणणाऱ्या योजनेविषयीं. हिचाही इतिहास मनोरंजक आहे. अँडी हिल्डेब्रँड हे अमेरिकन गृहस्थ जमिनींत ध्वनिलहरी सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून खनिज तेल कोठें आहे, हें ओळखण्याच्या शास्त्रांत काम करीत होते. तेंच गणित त्यांनीं गायकाच्या आवाजास लाविलें, आणि १९९७ सालीं 'ऑटो-ट्यून' बाजारांत आणिलें. दुसऱ्याच वर्षीं शेर नांवाच्या अमेरिकन गायिकेच्या 'बिलीव्ह' या गाण्यांत त्याचा परिणाम मुद्दाम ठळक ठेवण्यांत आला, आणि तेव्हांपासून ती जगाची एक आवडच होऊन बसली. योजना सोपी आहे. गाणाराचा सूर किती आहे तें यंत्र मोजतें, ठरविलेल्या सप्तकांत त्याच्या सर्वांत जवळची पट्टी शोधतें, आणि आवाज ओढून त्या पट्टीवर नेऊन ठेवतें.

पण ही पट्टी कोणाची? पेटीची व कीबोर्डाची. पाश्चात्यांनीं आपल्या सोयीसाठीं सप्तकाचे बारा सारखे भाग केले. त्यावर हीं वाद्यें लाविलेलीं असतात. आपला षड्ज सेकंदास २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्याशीं जुळणारा शुद्ध गंधार बरोबर ३०० कंपनांचा येतो. कीबोर्डाचा गंधार मात्र सुमारें ३०२.४ कंपनांचा असतो. दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचे १०० भाग केल्यास हा फरक सुमारें १४ भागांचा भरतो. तयार कानास तो स्पष्ट कळतो. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं याच सूक्ष्म अंतरांचा ध्यास घेतला. बावीस श्रुतींवर त्यांनीं १९१० सालीं इंग्रजींत ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्यानें श्रुतींप्रमाणें वाजणारी पेटी सिद्ध करविली. सारांश, एखादी मुलगी तंबोऱ्यावर खरा गंधार लावीत असेल, तर सूर जुळविणारें यंत्र तिला चुकलेली ठरवील आणि खऱ्यावरून ओढून खोट्यावर नेईल. मींड घेणारा आवाज त्यास पायऱ्यांचा दिसेल. दरबारीचा आंदोलित गंधार त्यास रोग वाटेल व तें तो बरा करील!

मग हीं यंत्रें शाळेंतून हद्दपार करावीं काय? असें सुचविणारे पालक आम्हांस भेटतात. परंतु त्यांशीं आमचें मत जुळत नाहीं. बंदीचा प्रयोग आपल्या देशांत एकदां होऊन गेला आहे. पेटीचे सूर ठरीव आहेत, तींतून मींड निघत नाहीं, या कारणावरून ऑल इंडिया रेडिओनें १९४० सालीं तिला आपलें दार बंद केलें. ती बंदी १९७१ सालीं, तीही अंशतः, उठली. या तीस वर्षांत पेटी घराघरांतून गेली काय? मुळींच नाहीं. ती भजनांत राहिली, कीर्तनांत राहिली, उपासनामंदिरांत राहिली. गोविंदराव टेंब्यांसारख्या मर्मज्ञाच्या बोटांखालीं तिनें काय वैभव दाखविलें, तें महाराष्ट्रास ठाऊकच आहे. आक्षेप शास्त्रदृष्ट्या खरा होता. उपाय मात्र चुकला. वाद्य दोषी नसतें. तें कोणाच्या हाताखालीं आहे आणि कोण कोणाच्या मागें जात आहे, हा खरा प्रश्न असतो. पेटी गायकाच्या मागें गेली तेथें संगीत वाढलें. गायक पेटीच्या मागें गेला तेथें तें खुंटलें. कीबोर्डाविषयींही आमचें एवढेंच म्हणणें आहे.

म्हणून आमची सूचना बंदीची नसून मर्यादेची आहे. पहिली मर्यादा अशी: गाण्याच्या स्पर्धेंत माईक असावा, पण सूर जुळविणारी योजना नसावी. माईक आवाज दूर पोहोंचवितो. त्यानें गुण बदलत नाहीं. सूर जुळविणें म्हणजे दुसऱ्याकडून गणित सोडवून घेऊन आपल्या पाटीवर उतरविणें होय. गणिताच्या परीक्षेंत जें आपण चालवून घेत नाहीं, तें गाण्याच्या परीक्षेंत कां चालवावें? दुसरी: नाटकांत व मनोरंजनाच्या कार्यक्रमांत व्होकोडर व इतर इफेक्ट यांस पूर्ण मोकळीक असावी. राक्षस बोलावा, यंत्रमानव गावा, एका मुलीचा आवाज दहा जणींचा व्हावा. तेथें फसवणूक नाहीं, कल्पकता आहे. तिसरी: जो मुलगा किंवा जी मुलगी माईक जोडील, तिनें तो कसा चालतो हें चार वाक्यांत सभेस सांगावें. यायोगें विज्ञानाचा तास वर्गाबाहेरही भरेल. चौथी: सराव मात्र यंत्रावांचून व्हावा. फार तर कीबोर्डावरील एक षड्ज दाबून ठेवावा व त्याशीं आपला सूर मिळवावा. सूर मिळाला कीं नाहीं, याचा निवाडा कानानें करावा.

'परंतु मुलगा तसा गायला तर हंसें होईल,' असें कांहीं माता म्हणतात. त्यांचें भय आम्ही समजूं शकतों. तेरा-चौदाव्या वर्षीं मुलांचा आवाज फुटतो. काल गोड गाणारें मूल आज घोगरें होतें व लाजून गप्प बसतें. अशा वेळीं यंत्राचा पडदा त्यास फार बरा वाटतो. पण त्या पडद्यामागें दोन वर्षें काढलेलें मूल पुढें बाहेर येईल कसें? त्याचा स्वतःचा नवा आवाज त्यास भेटलेलाच नसतो. आवाज फुटणें हा रोग नाहीं. तो कांहीं महिन्यांत स्थिरावतो. तेवढ्या काळांत त्यास खालच्या पट्टींत, हलक्या आवाजांत, चार मित्रांसह गाऊं द्यावें. ओरडूं देऊं नये, व हंसूंही नये. यंत्र ज्या लाजेवर पांघरूण घालतें, ती लाज घरच्या माणसांच्या धीरानें जाते.

याहूनही मोठी एक गोष्ट आम्हांस बोलावयाची आहे. आमच्या वर्गांत भिली, पावरी, अहिराणी, गुजराती व मराठी अशा अनेक बोली घरीं बोलणारीं मुलें बसतात. पाड्यावरच्या लग्नांत, होळीच्या रात्रीं ढोलाभोंवतीं त्यांच्या आया व आज्या जीं गाणीं गातात, तीं कोणत्याही पट्टीवर मोजून बसविलेलीं नाहींत. दहा बायका एकत्र गातात, तेव्हां दहाही आवाज किंचित् वेगळे असतात. कोणी सुराच्या किंचित् आधीं पोहोंचते, कोणी मागून येते. त्या दहांच्या मिळून जो भरीव नाद होतो, तोच त्या गाण्याचा प्राण असतो. सूर जुळविणाऱ्या यंत्रास हा प्राण म्हणजे दहा चुका! तीं गाणीं त्या चाळणींतून काढलीं, तर वर राहील तें स्वच्छ असेल, सारखें असेल, आणि जगांतल्या इतर हजारों गाण्यांसारखेंच असेल. मग एके दिवशीं आमची विद्यार्थिनी आपल्या आजीचें गाणें ऐकून म्हणेल, 'आजी बेसूर गाते.' या वाक्याचें आम्हांस खरें भय वाटतें. मुलीस यंत्र वापरतां आलें नाहीं तर तें उद्यां शिकवितां येईल. पण आजीविषयींचा तिचा आदर एकदां गेला तर तो कोण शिकविणार?

उलट, हाच माईक व हाच कीबोर्ड आजीच्या उपयोगीं कां पडूं नये? पुष्कळ कीबोर्डांत व प्रत्येक मोबाईलमध्यें आवाज साठविण्याची सोय आहे. सुटींत घरीं जाणाऱ्या विद्यार्थ्यानें आजीचें एक गाणें, कोणताही इफेक्ट न लावतां, जसें आहे तसें साठवून आणावें. त्याचे शब्द तिच्याच बोलींत, देवनागरींत लिहून आणावे. आणि तें गाणें केव्हां गातात, कोण गातें, हें तिला विचारून टिपून घ्यावें. पुढच्या संमेलनांत आधीं तें मूळ गाणें ऐकवावें, मग मुलांनीं स्वतः तें साध्या आवाजांत म्हणावें, आणि त्यानंतर हौस असेल तर खुशाल व्होकोडर लावून त्याचें नवें रूप करून दाखवावें. या क्रमांत मूळ काय आणि अलंकार काय, हें श्रोत्यांस व मुलांस दोघांसही कळेल.

पालकांस आमची एक विनंति आहे. मुलाच्या हट्टापायीं महाग कीबोर्ड घेण्यापूर्वीं, त्यानें वर्षभर रोज अर्धा तास गाण्याचा किंवा साध्या पेटीचा अभ्यास केला आहे काय, तें पाहावें. केला असेल तर वाद्य अवश्य घ्यावें. तें त्याच्या हातीं सार्थकीं लागेल. केला नसेल, तर पेडल, माईक व इफेक्ट यांनीं तो अभ्यास भरून निघणार नाहीं. ज्या काळीं मराठी रंगभूमीवर ध्वनिवर्धक नव्हता, त्या काळीं केशवराव भोसले व बालगंधर्व यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संयुक्त मानापमानाचा प्रयोग केला. त्यांचे सूर शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचविण्यास एकही तार लागली नाहीं. ती शक्ति त्यांनीं बाजारांतून आणिली नव्हती. ती मेहनतीनें मिळविली होती.

विद्यार्थिमित्रहो, यंत्र अवश्य जोडा. त्याचीं सॉकेटें ओळखा, तार नीट बसवा, विजेशीं खेळूं नका, आणि मौज करा. मात्र गाणें संपल्यावर यंत्र बंद करून तेंच गाणें एकदां पुनः म्हणून पाहा. तेव्हां जें शिल्लक राहील, तें तुमचें स्वतःचें, बाकीचें कंपनीचें. जें तुमचें आहे तें वर्षावर्षाला वाढत जावो, अशी आमची मनःपूर्वक इच्छा आहे.